अर्धविरामानंतर

दुकानात लोक येतात ते वाढवून मागायला.
'मन्मथ, पिकअप राहिला नाही, थोडं डिझेल वाढवून दे,
उसाची ट्रॉली लावली की ट्रॅक्टर बसायलाय चढाला.'
मी पंप खोलतो, बेंचवर चढवतो,
काचेच्या नळ्यांत थेंब मोजतो,
चारी नळ्या एका रेषेत आल्या की पाना खाली ठेवतो.

रात्री मात्र मी कमी करत बसतो.

जेवणं झाल्यावर, पोरगी झोपल्यावर,
शिलाई मशीनच्या टेबलावर कॉम्प्युटर,
त्यात विमान. दोन सीटांचं, पांढरं, फुकटात डाउनलोड केलेलं.
ज्यानं बनवलं त्याच्या गावाला थंडी असणार.
लातूरची धावपट्टी, मे महिना, दुपारचे दोन,
त्रेचाळीस डिग्री लावून दिले तरी
गडी असा उठतो, जसा काही खाली तवा नाहीच.
मिनिटाला अकराशे फूट!
खोटं बोलतंय, हे मला बुडाला कळतं.

कारण मी बसलोय एकदा. बारा मिनिटं.
शिकाऊ पोरांचं विमान इथं होतं तवा
त्यांचा जनरेटर बंद पडला, मला नेलं.
पंप बसवून दिला. पैसे द्यायच्या वेळी
सरदार गुरुचरणसिंग खिसे चाचपून म्हणाले,
'सुट्टे नाहीत. चल, बस.'

धावपट्टी संपत आली तरी आम्ही जमिनीवरच.
कुंपण दिसलं, कुंपणापलीकडचा म्हशीवाला दिसला,
त्यानं डोक्यावरचा टॉवेल सावरला तोही दिसला,
आणि मग कुठं
आडतीवरचा हमाल तुरीचं पोतं पाठीवर घेताना
गुडघ्यातून हुंकारतो, तसं ते उठलं.
काटा चारशेच्या वर सरकला नाही.
नांगरलेल्या काळ्या रानावर कुणी खालून ढुशी दिली,
तळ्यावर आलो तर त्यानंच हात काढून घेतला.
गंजगोलाई दिसली, सोळा रस्ते फुटलेली,
तळहातावर ठेवून बघावी एवढी.

ते चारशे मी शोधतोय.

फाइल उघडतो. साधी अक्षरं, साधे आकडे.
उचल : एक. ओढ : एक. जोर : एक.
एक म्हणजे आहे तसं, असं मानायचं.
जोर ०.८८ केला. चाकं जमीनच सोडेनात.
०.९१. उचल ०.९४. सेव्ह. बंद. परत चालू.
पूर्ण गॅस, डावा हात मांडीवर.
सातशे.
वजन वाढवलं. सरदारजींचे नव्वद किलो, माझे एकसष्ट,
पान्यांची पिशवी, जी मी खाली ठेवलीच नव्हती.
साडेपाचशे.
ओढ वाढवावी तर उतरताना दगडासारखं पडतं.
एक स्क्रू आवळला की दुसरा ढिला. हे मला नवं नाही.

'काय करायलात एवढ्या रातीला?' महानंदा उठून आली.
'विमान बिघडवायलोय.'
'दुरुस्त करायचं सोडून?'
उत्तर सुचेपर्यंत ती पाणी पिऊन गेलीसुद्धा.

परवा पावणेदोनला काटा चारशेवीसवर थांबला.
कुंपण आलं. म्हशीवाला नव्हता, त्याची फाइल कुणी लिहिलीच नाही.
गोलाईच्या जागी तपकिरी डाग, सोळातला एक रस्ता नाही.
पण बूड म्हणालं, हो.
मी खुर्चीतून हललो नाही.

मग दार आठवलं.
माझ्या बाजूचं, ज्याची कडी लागत नव्हती.
'कोपरानं दाबून धर, आत्ता येऊ खाली,' म्हणाले होते ते,
आणि वर असताना सगळा वेळ मी तेच केलं.
निम्मं लातूर मी कोपरानंच बघितलं.

याचा आकडा कुठल्या ओळीत टाकायचा?
फाइलमध्ये अर्धविराम दिला की
पुढचं मशीन वाचत नाही, असा नियम आहे.
वजनाच्या ओळीपुढं अर्धविराम दिला, आणि मराठीत लिहिलं :
उजवीकडचं दार, कोपरानं धरणे.

सेव्ह केलं.
टेबल ओढून लोखंडी कपाटाला भिडवलं.
आता उडताना कोपर त्याला टेकवून बसतो.
पत्रा गार लागतो.
तेवढं एक अजून जुळत नाही.