मांड्यांचं दुखणं

एकशे शहाऐंशी, असं कागदावर आलं.
मी विचारलं, हे जास्त का कमी?
डॉक्टर वाघुळदे म्हणाले, वेणूताई,
तुमच्या मांड्याच्या दरापेक्षा जास्त.

सावद्यात मला कोणी नावानं विचारत नाही.
खापरवाली म्हटलं की रिक्षा थेट दारात.
चाळीस वर्षं झाली. पुरण भरलेला गोळा
तळहातावर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत
फिरवत न्यायचा, फाटू न देता,
आणि उपड्या खापरावर असा टाकायचा
की धुतलेलं लुगडं वाळत घालावं.
तूप मी दुसऱ्यांच्या पानात वाढते.
मग माझ्याच रगतात चरबी कुठून?

डॉक्टरांनी पॅडवर एक चूल काढली.
म्हणाले, ताटातून येते ती थोडी,
बाकी घरचीच.
यकृत रांधतं. रात्री जास्त,
तुम्ही झोपल्यावर.
ही गोळी त्या चुलीतलं एक लाकूड ओढून घेते.
रांधलेलं पुरेनासं झालं की यकृताला लागते भूक,
मग ते हात बाहेर काढतं, नवे, पुष्कळ,
आणि रक्तातून वाहत चाललेली चरबी
वेचून आत घेतं.

मला हे फार आवडलं.
माझ्या बरगड्यांखाली कोणी बाई बसलीय
पदर खोचून, विझत्या चुलीपाशी,
दारावरून जाणाऱ्याला हाक मारतेय:
थांब भो, काय आणलं टोपलीत?

दीड महिन्यानं एकशे सहा.
पण तोवर ओट्याशी उभं राहवेना.
दोन्ही मांड्यांत ओली कणीक भरल्यासारखं जड,
आणि उजवा खांदा रात्रभर ठणकायचा.
प्रमिला भारंबे कुंपणावरून म्हणाली,
गोयी बंद कर माय, लसून खाय सकायी.
आखाजीच्या दीडशे मांड्यांची ऑर्डर होती.
मी बंद केली. कोणाला न सांगता.

तीन आठवड्यांत मांड्या मोकळ्या झाल्या.
खांदा नाही.

हे डॉक्टरांना सांगताना जीभ अडखळली:
मांड्यांचं दुखणं गेलं,
मांड्यांचं राहिलं.
ते लिहिता लिहिता थांबले. कोणत्या मांड्यांचं?
मी एकदा पायावर थाप मारली,
एकदा हात हवेत गोल फिरवला.
ते हसले. मग रागावले.
पुन्हा रक्त काढलं:
स्नायूंचा आकडा थोडा चढलेला, यकृताचा ठीक,
साखर बोटभर वर.
तीही गोळीनं असेल, म्हणाले, किंवा पुरणानं.
सगळी दुखणी एकाच्याच नावावर चढवू नका.
लघवी चहासारखी झाली तर मात्र
त्याच दिवशी या, रात्र असली तरी.

माझा भाऊ टिकाराम बावन्न वर्षांचा होता.
केळीचा ट्रक भरता भरता
घडाला टेकून बसला, तो उठलाच नाही.
त्याचं काहीच दुखत नव्हतं.
खांदा नाही, मांडी नाही, काही नाही.

आता दुसरी गोळी आहे, मसुराएवढी,
एक रात्र सोडून एक.
कॅलेंडरवर गोळीच्या रात्री टिकली लावते,
ऑर्डरच्या दिवशी गोल.
ऑर्डर चाळिसाच्या वर घेत नाही.
हमीदा तडवीला शिकवतेय. हाताला ताकद आहे तिच्या,
पण तिचा मांडा अजून कोपराच्या आधीच फाटतो.

ती विचारते, फाटला तर काय करायचं?
गिऱ्हाइकाला थोडाच देणार?
नाही, म्हणते मी. फाटलेला आपण खायचा.
मग ती माझ्याकडे बघते. कॅलेंडरकडे बघते.
चाळीस वर्षांत किती फाटले असतील,
हे बोटांवर मोजायला लागते.

तुपाशिवाय, म्हणते मी.
बहुतेक वेळा तुपाशिवाय.