विहिरीचं नाव

बेदाण्याची शेड रिकामी करून
सुबरावकाकानं तिथं टाकी बसवली.
मणेराजुरीनं त्याला दारूवाला म्हटलं.

पहिल्या साली सगळा शिरका झाला.
काकूनं त्यात मिरच्या मुरवल्या,
बरण्या घरोघर गेल्या.
परत आल्या त्या चाटूनपुसून.

दुसऱ्या साली
काका रात्रभर टाकीला कान लावून
फसफस ऐकत.

काकू घोट घेत नाही. आजही.
नुसता वास घेते, डोळे मिटून:
"ही विहिरीकडच्या ओळींची. अजून कच्चीय."
काका वहीत उतरवून घेतो.

लेबलवर नाव काय, छापखानेवाल्यानं विचारलं.
काका आपली जांभळी नखं बघत राहिला,
म्हणाला, हिचं टाका.
काकू म्हणाली, माझं कशाला, विहिरीचं टाका.

विहिरीला तोवर
नावच नव्हतं.