उलव्यातला ठिपका

उपग्रहाच्या रात्रीच्या फोटोत
उलव्याचा खाडीकडचा कोपरा
गेल्या मार्चपेक्षा उजळ दिसतो.
ऐरोलीत नवव्या मजल्यावर बसून
आम्ही त्या उजेडाचे आकडे करतो.
अंधार कमी म्हणजे उत्पन्न जास्त.
ढोबळ आहे, पण चालतं.
गद्रेसाहेब सहा पूर्णांक सातवर अडलेत,
लंडनवाले सात म्हणतात,
आणि मधल्या तीन दशांशांत
कोणाकोणाचं काय काय मावतं
हे अहवालात येत नाही.

शनिवारी मी ठिपका बघायला गेले.
बावीस मजले. पडदा एकाही खिडकीला नाही.
खाली परसराम आडे, राखणदार, किनवटचा.
"बिल्डरचा हुकूम आहे," म्हणाला,
"दिवेलागणीला सगळे मजले लावायचे.
गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, माणसं राहतात."
मग माझ्यादेखत त्याने खटके दाबले,
खालून वर, एकेक मजला,
आणि देश थोडा वाढला.

निघणार, तोच पत्र्याच्या खोलीतून
शेवंताबाईंनी ताट पुढे केलं.
ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी.
खोलीत दिवा नव्हता,
बावीस मजल्यांचा उजेड दारातून आत येत होता.
पळी हातात धरून त्यांनी विचारलं,
"वाढू का अजून?"

आठवडाभर तोच शब्द असतो माझ्या तोंडी,
मागेपुढे दर, अंदाज, जोखीम लावून.
असा एकटा, नुसता
मी तो कधी ऐकला नव्हता.
पातेल्यात पाहिलं. तळ दिसत होता.
"पुरे," म्हटलं.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "ठिपका कसाय?"
उजळ आहे, म्हटलं.
खोटं नव्हतं.