दोन बोटं

जळीत विभागात आज पहाटे आणलेला माणूस
भाजलेला नाही.
कागद मी दोनदा वाचला.
एलेउतेरियो बार्रासा, वय एकसष्ट,
वालपाराइसोच्या टेकड्यांवर चौतीस वर्षं
बिनपगारी आगी विझवणारा.

दाराशी त्याची बायको, ओतिलिया.
मुठीत औषधाची चिठ्ठी, आठ घड्या घातलेली.
"चौतीस वर्षांत एक फोड आला नाही हो याला.
आला तो एकदाच, कढईतल्या तेलाचा,
आणि तोही माझ्या धांदलीमुळे."

फुफ्फुसातल्या गाठीसाठी
दर तीन आठवड्यांनी जे थेंब थेंब शिरेत उतरत होतं
त्यानं शरीरातले पेंगलेले पहारेकरी जागे केले.
झाले जागे. गाठीवर तुटून पडले.
मग मागे वळले
आणि घरच्याच भिंती पाडू लागले.
आधी डोळे चुरचुरले, मग ओठ,
मग छातीवर तांबूस ठिपके, गोवर यावा तसे.
त्यानं ते खाऱ्या वाऱ्यावर ढकलले.
चौथ्या दिवशी शर्ट काढताना
शर्टाबरोबर पाठही आली.

त्याला आम्ही उचलत नाही, चादरीसकट सरकवतो.
चिकटपट्टी या खोलीत वर्ज्य.
खोली एवढी तापवलेली
की माझ्या मानेवरून घाम ओघळतो
आणि तो कुडकुडतो.
बाहेरचा गारवा बाहेर, आतलं पाणी आत
ठेवणारी एवढीशी पातळ गोष्ट गेली
तर माणूस कच्च्या मडक्यासारखा पाझरतो.

दर दोन तासांनी डोळ्यांत मलम.
पापणी बुबुळाला धरू नये म्हणून
काचेच्या कांडीनं ती हळूच सोडवायची.
दर वेळी मी माफी मागते.
तोंड आतून सोललेलं, म्हणून तो बोलत नाही.
बोट उचलतो.
एक म्हणजे चालू दे.
दोन म्हणजे थांब.
बंबाच्या गोंगाटातली ही त्यांची खूण,
ओतिलियानं मला शिकवलीय.

गुरुवारी डॉक्टर विल्याग्रा फिल्म घेऊन आला.
पोरगेलासा आहे,
कुठला चेहरा घालून आत जावं
हे न कळून बराच वेळ पाण्याच्या यंत्रापाशी थांबला.
"गाठ निम्मी झालीय."
"मग औषध?"
"ते आता कधीच नाही."
ओतिलियानं चिठ्ठीची आणखी एक घडी घालून पाहिली.
पडेना.

कातडीचे जोडे करून घातले
तरी फिटत नाहीत म्हणे काही उपकार.
त्या बाटलीतल्या पाण्याचे उपकार मानायचे की नाही
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
पण कातडी तर त्यानं
आगाऊच वसूल केली.

नवव्या रात्री पट्ट्या बदलताना
डाव्या कानामागे एक जागा दिसली,
नाण्याएवढी. गुलाबी. कोरडी.
कोरडी! मी तिला हात लावला नाही.
नोंदवहीत लिहिलं, वेळ लिहिली,
उगाचच खाली रेघ ओढली.

पुन्हा खांद्याची जाळी सोडवायला घेतली
आणि त्याची दोन बोटं वर.

दुखलं का? मी थांबले.
चिमटा हवेत, खारं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत.
बोटं खाली येईनात.
मग मलाही ऐकू आलं,
बंदराकडून वर चढत येणारा सायरन.
एक गाडी. वळणावर तिचा आवाज भिंतीमागे गेला.
दुसरी, जुन्या इंजिनाची, धापा टाकत.
तो मिटल्या डोळ्यांनी मोजत होता.
तिसरीला उशीर झाला.
एवढा उशीर, की त्याची छाती हलायची थांबली
आणि मी यंत्राकडे पाहिलं.

आली तिसरी.

मग एक बोट.
चालू दे.