कोपरावरची घडी

चाळीस वर्षं मागावर काढली,
म्हणून पुतळ्याचा चेहरा आधी बघितलाच नाही.
कापड बघितलं.

चुकलंय. खाकी ड्रिल असं पडत नाही.
कमरेशी घातलेल्या चुण्या रेशमाच्या आहेत,
कुठल्यातरी देवीच्या मूर्तीवरून उचललेल्या.
पट्ट्याखाली ताणा कुठला, बाणा कुठला,
सिमेंटलाच ठाऊक.

दाजी पेठेतल्या विडीवाल्या बायका
माल देऊन परतताना चौथऱ्यावर टेकतात.
एक म्हणाली, "हे राजमल्लूचं नाक नव्हे."
दुसरी, "नाक कुणाचं का असेना, सावली बरी पडते."
एका पोरानं संगिनीला दप्तर अडकवलं,
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
काढून घेतलं, चप्पल काढली,
आणि उगीच उभा राहिला.

ऊन उतरलं तसा मी मागच्या बाजूला गेलो.
डाव्या कोपरावर, जिथं हार पोचत नाहीत,
घडी बरोब्बर होती.
घडीत चिमणीच्या पावलाएवढं रफू.

शिल्पकारानं घरचा एखादा सदरा मागितला होता म्हणे.
नरसव्वानं दिला तो गिरणीतला,
फौजेच्या आधीचा.
माझ्या शेजारच्या मागावर राजमल्लू
डावं कोपर लाकडाला टेकून धागा जोडायचा,
बाही तिथंच विरायची.
फौजेत असलं रफू चालत नसणार.

मी बोट फिरवलं.
रंगाची एक खपली निघाली,
सोनेरी, खाली राखाडी.
परत चिकटेना, टाकवेना.
अजून खिशातच आहे,
सुट्ट्या पैशांत.