लिटरमागे

टेंबलाईच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून
ब्रेकवरचा पाय काढला, तर ती हलेना.
उभीच, हट्टी रेडकासारखी,
मागचा केएमटीवाला हॉर्न बडवतोय.
तेव्हाच कळायला हवं होतं.

मी मात्र वही काढली.
फुल टाकी ते फुल टाकी, तारीख, किलोमीटर.
भागाकार हातानंच करतो,
वीस वर्षं भट्टीचा हिशेब तसाच केला:
किती कोक, किती लोखंड, किती फुकट गेलं.
अकरा पॉइंट चार.
पुन्हा मांडला. अकरा पॉइंट चार.
अठरा द्यायची ही.
कागलला जाऊन आलं तरी काटा जागचा हलायचा नाही.

विजयमाला म्हणाली, रात्रीचं कोणीतरी पेट्रोल काढतंय.
मेव्हणा म्हणाला, एसी.
(मी एसी लावत नाही. तो बसला की लावतो.)
शेजारचे इंगवले म्हणाले, विका.

उद्यमनगरात मुबारक शिकलगारकडे नेली,
माझ्या बंद शेडपासून चौथं शटर.
त्यानं बॉनेटला हातच लावला नाही आधी.
खाली बसून चाकांची हवा बघितली.
"बावीस हाय. तीस पायजे.
चप्पल घासत चालल्यागत चाललीया तुमची."
मग एअर फिल्टर काढून माझ्यापुढं झटकला:
काळी धूळ, बारीक वाळू,
उद्यमनगरचीच,
थोडी माझ्याच भट्टीची असेल.
मी काही बोललो नाही.

"डिकी उघडा."

नऊ इम्पेलर, बेअरिंगची दोन घरं,
एक फ्लँज, तिला ब्लोहोल आहे, तरी ठेवलेली.
नमुने, म्हटलं. गिऱ्हाइकाला दाखवायचे.
कुठल्या गिऱ्हाइकाला, हे त्यानं विचारलं नाही.
पोराला म्हणाला, ओंक्या, काट्यावर घाल.
अडतीस किलो.
"शाळंतलं एक पोरगं फिरवलासा की ओ तीन वर्सं,
आन् तेला शाळंत कवा सोडलाच न्हाई."

मला वाटलं, सापडलं.
वजनच होतं ते.
गोष्ट इथं थांबली असती तर बरी दिसली असती,
लग्नाकार्यात सांगता आली असती.

पण मुबारकनं जॅक लावला,
मागचं डावं चाक हातानं गरकन फिरवलं.
अर्धा फेरा. थांबलं.
उजवंही तसंच.
"ड्रमला हात लावा."
लावला. काढला.
भट्टीपुढं आयुष्य गेलेला हात,
तरी चटकला.

हँडब्रेकची वायर गंजून अडकली होती.
मी सोडत होतो, ती सुटत नव्हती.
एवढंच.
किती महिने कोण जाणे,
मी पुढनं रेटतोय
आणि गाडी मागनं स्वतःला धरून ठेवतेय.
"पेट्रोल पीत न्हवती ओ ती," मुबारक म्हणाला,
"पेट्रोल जाळून ब्रेक शेकत हुती."

वायर, ग्रीस, मजुरी: साडेसातशे.
हवेचे पैसे घेतले नाहीत.
कास्टिंग तिथंच राहिली. एक इम्पेलर त्यानं
दुसऱ्या कुणाच्या गाडीच्या चाकामागं
दगडाच्या जागी सारला.
नीट बसला.
माझ्या त्या डिझाइनचा पहिला वापर.

पुढच्या टाकीला सोळा पॉइंट नऊ.
अठरा का नाही, विचारायला गेलो
तर मुबारक जेवत होता. भाकरी मोडत म्हणाला,
"ऱ्हायलेलं तुमच्या पायात हाय.
सिग्नल सुटला म्हंजे शर्यत सुटली न्हवं."

काल मुद्दाम टेंबलाईवर नेली.
न्यूट्रल. पाय काढला.
निघाली.
इतकी आपसूक, इतकी बिनआवाजी निघाली
की दचकून माझाच हात
हँडब्रेकवर गेला.

ही खेप वहीत धरलेली नाही.