रकाना क्रमांक सात

नगरपरिषदेच्या तक्त्यात अकरा रकाने.
सातवा : वास्तुविशारदाचे नाव.
निवृत्त झाले तरी माझं अक्षर बरं आहे,
म्हणून बंदरातल्या जुन्या-नव्या इमारती मोजायचं काम माझ्याकडे.
शिपाई दिला नाही.
टेपचं दुसरं टोक चिऱ्याखाली दाबून चालते पुढे.

पहिली वखार.
छप्पर केव्हाच गेलं, आत पिंपरणीचं बन.
खाऱ्या वाऱ्याने जांभा कुरतडत नेला,
चुना मात्र उभा आहे :
दगड होता तिथे चौकोनी पोकळी,
भोवती दरजा, मधाच्या पोळ्यासारख्या.
जोडलेलं गेलं, जोडणारं राहिलं.
हे लिहायला रकाना नाही.
सातव्यात : अज्ञात.

मग चर्च. खिडक्यांना काच नाही, शिंपले,
तासून तासून पातळ केलेले, लाकडी पट्ट्यांत सरकवलेले.
दुपारचं ऊन आत येतं ते ताकाच्या निवळीसारखं.
पावलीन झाडू थांबवून म्हणाली,
आता एखादा फुटला की प्लास्टिक बसवतो,
बालदीचं झाकण कापून.
मोजले. शिंपले दोनशे सोळा, झाकणं एकोणीस.
अज्ञात.

मामलेदार कचेरीचं एक कौल उतरवून पाहिलं.
पोटावर कारखान्याचं नाव, गावाचं नाव, हत्तीचं चित्र.
कौलाला नाव आहे.
कचेरी बांधली कुणी, ते कचेरीलाच ठाऊक नाही.

बँक नवी. निळ्या काचा, तोंड थेट पश्चिमेला.
तीन वाजले की आतले सगळे
पडदे ओढून ट्यूबलाइटखाली बसतात.
दाराशी काळा ग्रॅनाइट, त्यावर आर्किटेक्टचं नाव
आणि पुण्याचा फोन नंबर.
रकाना पहिल्यांदा भरला.
राग? छे. पेन फक्त दोनदा झटकावं लागलं.

शेवटी एस.टी. स्टँड.
हा पाडायचाच आहे,
पाडण्याआधी कागद असावा, एवढंच.
एकाहत्तर सालचं, उलट्या होडीसारखं छत.
आरोंदा, शिरोडा, सावंतवाडी,
फलाटाच्या पाट्या अजून वाचता येतात.
सळ्या गंजून फुगल्यात,
पापुद्रा सुटतो आणि कुणाच्या तरी डब्यात पडतो.
तेहतीस वर्षं मी इथून गाडी धरली,
वर पाहिलं ते परवा.

सिमेंटवर फळ्यांचे ठसे.
रेषा, गाठी,
एके ठिकाणी करवत अडखळलेली.
फळ्या कधीच कुणाच्या तरी चुलीत गेल्या असतील,
छताला त्या अजून पाठ आहेत.

करवतीचा माग काढत गेले तर
साबाजी मेस्त्री ओट्यावर कोकमं फोडत होते.
वय शहाऐंशी, बोटं तांबडी.
"सेंट्रिंग माझा. मी होडेकाराचो झील.
इंजिनेर म्हणालो, छप्पर वाकडा होया.
म्हटलंय, सायबानू, होडीच उलटी घालूया."
हसले. मग, मी काही विचारलं नसताना,
"रेव वेळेवयली घेतली. खारी.
मंत्री येवचे होते, खाडीतली आणूक दिवस नाय उरलो."

म्हणजे नारळ फुटला, फीत कापली,
तेव्हाच मीठ आत जाऊन बसलं होतं.
मी खाली पाहत राहिले. बिया एका बाजूला, सालं एका बाजूला.

सातव्या रकान्यात लिहिलं : साबाजी रवळू मेस्त्री.
हुद्दा : सुतार.
ऑफिसातला पोरगा पदवी विचारेल. विचारू दे.

निघताना त्यांनी हाक मारली.
"पाडतले तेव्हा दर्याकडची बाजू पयली घेवक सांग.
नायतर सगळा एकदम येतला. खाली माणसां असतली."

अकरावा रकाना, शेरा.
इतकी वर्षं मी त्यात आडवी रेघ मारत आले.
दर्याकडची बाजू आधी.